भव्य मंदिरे, अनोळखी भाविक

चर्च म्हणजे दगड-चुन्याची इमारत नव्हे, तर श्रद्धावंतांचा समूह होय, हे आपण पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या शिकवणीपासून ऐकत आलो आहोत. तरीही चर्चचा विषय निघाला की आपल्या बोलण्यात प्रथम येते ती इमारतच. मनोरा किती उंच, वेदी किती जुनी, सणाच्या मिस्सेला किती माणसे जमली, हे सारे आपण अभिमानाने सांगतो. एक मोजणी मात्र सहसा कोणी करीत नाही. या रविवारी कोण आले नाही, आणि ते आले नाही हे कोणाच्या ध्यानात आले? मोठमोठ्या चर्चचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास वाचत असताना हाच प्रश्न आम्हांला पुनःपुन्हा सामोरा आला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

संख्येचा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. प्रेषितांच्या काळी मंडळी घरांतून जमत असे. प्रिस्का आणि अक्विला या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला संत पौल आपल्या पत्रातून सलाम कळवतो. सीरियातील ड्युरा-युरोपस येथे उत्खननात तिसऱ्या शतकातील एक प्रार्थनागृह सापडले. ते मुळात राहते घर होते. मधली भिंत काढून त्यात एक मोठी खोली तयार केलेली होती. तेथे फार तर साठ-सत्तर माणसे मावली असती. ३१३ साली सम्राट कॉन्स्टंटाइनच्या राजवटीत ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि घरांची जागा विशाल मंदिरांनी घेतली. पुढे शतकानुशतके ख्रिस्तसभा वाढत गेली, तशी धर्मगुरू आणि भाविक यांच्यातील ओळखही पातळ होत गेली. ट्रेंटच्या परिषदेला याची जाणीव होती. १५६३ साली त्या परिषदेने बिशपांना आदेश दिला की, लोकांची निश्चित धर्मग्रामांत विभागणी करावी आणि प्रत्येक धर्मग्रामाला असा कायमचा धर्मगुरू द्यावा, की जो आपल्या माणसांना ओळखू शकेल. धर्मग्रामाची हद्द ही केवळ कारभाराची सोय नव्हे. त्या हद्दीच्या मुळाशी ओळखीचा विचार होता.

प्रॉटेस्टंट परंपरेत हद्दीचे हे बंधन पुढे सैल झाले. उपदेशक आवडला की लोक दुरून येऊ लागले. लंडनमध्ये १८५४ साली अवघ्या एकोणिसाव्या वर्षी आलेल्या चार्ल्स स्पर्जन यांच्या प्रवचनांना इतकी गर्दी होऊ लागली की, १८६१ साली त्यांच्यासाठी पाच हजारांहून अधिक माणसांचे मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल उभे राहिले. मोठ्या चर्चचा प्रारंभ अमेरिकेत झाला असे आपण समजतो, ते तितकेसे खरे नाही. परंतु वस्तीचे चर्च मागे पडून निवडीचे चर्च हा सर्वसामान्य प्रकार होणे, ही गोष्ट मात्र मोटारगाडीच्या युगातली आणि प्रामुख्याने अमेरिकेतली होय.

त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी. नावाप्रमाणेच हा संत्र्यांच्या बागांचा मुलूख. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील बागा झपाट्याने तुटल्या आणि त्यांच्या जागी घरे, रस्ते व कारखाने उभे राहिले. १९५० साली सुमारे २ लाख १६ हजार असलेली लोकवस्ती १९६० साली ७ लाखांच्या वर गेली. येणारे बहुतेक परगावचे. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नव्हता. मोटारगाडी मात्र जवळजवळ प्रत्येकापाशी होती.

१९५५ साली रॉबर्ट शुलर हे रिफॉर्म्ड चर्चचे तरुण पाळक पत्नी अर्व्हेला यांच्यासह तेथे आले. आयोवा राज्यातील डच वंशाच्या शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. नवी मंडळी स्थापण्यासाठी त्यांच्या धर्मसंस्थेने त्यांना ५०० डॉलर दिले होते. उपासनेला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी उघड्या मैदानावरचे एक सिनेमागृह रविवारच्या सकाळपुरते भाड्याने घेतले. रात्री लोक आपापल्या गाड्यांत बसून तेथे चित्रपट पाहत. सकाळी त्याच गाड्यांत बसून उपदेश ऐकू लागले. शुलर खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या छपरावर उभे राहून बोलत आणि अर्व्हेला ऑर्गन वाजवत. गाडीच्या खिडकीशी लावलेल्या सिनेमाच्या कर्ण्यातून देववचन ऐकू येई. त्याच वर्षी जुलै महिन्यात जवळच डिस्नेलँडही सुरू झाले. करमणूक, मोटार आणि प्रार्थना या तिन्ही गोष्टी त्या मातीत एकाच हंगामात रुजल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. पक्षाघाताने खिळलेली एक स्त्री नवऱ्याबरोबर गाडीतून उपासनेला येत असे, असे शुलर सांगत. चारचौघांत जाऊन बसणे तिला शक्य नव्हते. अशा माणसांसाठी, स्वतंत्र चर्च बांधावयाचे ठरले तेव्हाही गाड्यांची सोय कायम ठेवण्यात आली. १९६१ साली रिचर्ड नॉयट्रा या नामांकित वास्तुशिल्पकाराने गार्डन ग्रोव्ह येथे बांधलेल्या चर्चमध्ये काही लोक बाकांवर, तर काही बाहेर गाड्यांत बसून एकाच उपासनेत भाग घेत. १९६८ साली त्याच आवारात उंच मनोरा उभा राहिला. तेथे संकटात सापडलेल्यांसाठी रात्रंदिवस दूरध्वनीसेवा चालू झाली. मध्यरात्री एकाकी माणसाने फोन उचलावा आणि पलीकडून कोणीतरी बोलावे, ही लहान सेवा नव्हे.

यानंतर मात्र पारडे झुकत गेले. १९७० साली शुलर यांची उपासना दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित होऊ लागली. ‘अवर ऑफ पॉवर’ हा कार्यक्रम देशोदेशी लाखो लोक पाहू लागले आणि त्यांच्या देणग्यांवर १९८० साली फिलिप जॉन्सन यांच्या आराखड्यानुसार ‘क्रिस्टल कॅथीड्रल’ उभे राहिले. दहा हजारांहून अधिक काचा, आत अडीच-पावणेतीन हजारांची आसने, हजारो नळ्यांचा प्रचंड ऑर्गन. व्यासपीठामागे नव्वद फूट उंचीची दोन दारे होती. ती उघडली की बाहेर गाड्यांत बसलेल्यांनाही उपदेशक दिसे. नाताळात तेथे ख्रिस्तजन्माचा देखावा होई. त्यात खरे उंट असत आणि देवदूत तारांवरून अधांतरी फिरत.

आमच्या मते या इतिहासातील खरे वळण हे काचेचे नसून दूरचित्रवाणीचे आहे. मैदानात उभी असलेली गाडी निदान दिसत तरी होती. पुढच्या रविवारी ती आली नाही तर कोणाच्या तरी लक्षात येण्याचा संभव होता. दूरच्या गावी घरात बसून उपासना पाहणाऱ्याने संच बंद केला, तर ते कोणाला कळणार? कळणार ते हिशेबाच्या वहीला, देणगी आटल्यावर.

याच सुमारास पॅसिफिक महासागराच्या पलीकडे याहून कितीतरी मोठी मंडळी उभी राहत होती. कोरियन युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या सोल शहराच्या कडेला १९५८ साली चो याँग-गी या तरुण पेंटेकोस्टल प्रचारकाने आणि चोई जा-शिल या स्त्रीने एका फाटक्या तंबूत उपासना सुरू केली. पहिल्या दिवशी मोजून पाच माणसे होती. खेड्यांतून पोटासाठी शहरात आलेले, आजारी आणि दरिद्री लोक तेथे जमू लागले. काही वर्षांतच संख्या हजारांवर गेली आणि १९६४ साली, अतिश्रमाने खचलेले चो उपासना चालू असतानाच कोसळले.

तेथून जे घडले ते मननीय आहे. एक माणूस हजारोंची विचारपूस करू शकत नाही, हे अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना उमगले. शहराचे विभाग पाडून घरोघरी लहान गट करावेत आणि प्रत्येक गटाची जबाबदारी एकेका प्रापंचिकाकडे द्यावी, असे त्यांनी ठरवले. मंडळीतील पुरुष वडीलधाऱ्यांनी ही कामगिरी घेण्यास नकार दिला. तेव्हा ती स्त्रियांकडे गेली. त्या काळच्या कोरियात स्त्रीने धार्मिक पुढारीपण करणे रीतीला सोडून होते. परंतु कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कोणाचे मूल तापाने फणफणले आहे, कोणाचा नवरा कामावरून काढला गेला आहे, हे त्यांनाच ठाऊक होते. गटात माणसे वाढली की गटाचे दोन गट होत. १९७३ साली ही मंडळी हान नदीतील योइदो बेटावर दहा हजार आसनांच्या नव्या मंदिरात गेली. १९९०च्या दशकात तिची सभासदसंख्या सात लाखांच्या घरात गेल्याचे सांगितले जाई. जगातील सर्वांत मोठी मंडळी म्हणून तिची ख्याती झाली. पाहुणे ते मंदिर पाहून थक्क होत. मंदिराचा भार ज्यांच्यावर होता त्या घरोघरच्या बैठका मात्र छायाचित्रांत दिसत नसत.

तरीही हा इतिहास निष्कलंक नाही. २०१४ साली चर्चच्या पैशाच्या प्रकरणात विश्वासभंग आणि करचुकवेगिरीबद्दल न्यायालयाने चो यांना दोषी ठरवले आणि स्थगित कारावासाची शिक्षा दिली. २०२१ साली त्यांचे निधन झाले. तळाशी हजारो स्त्रिया एकमेकींची खबर घेत होत्या. शिखरावरील एका माणसाला जाब विचारणारे मात्र फार थोडे होते. मोठ्या मंडळीची ही दुसरी दुखरी बाजू.

अमेरिकेत शुलर यांच्या उदाहरणाने अनेक तरुण भारावले. बिल हायबल्स हे त्यांपैकी एक. त्यांनी १९७५ साली शिकागोजवळच्या एका सिनेमागृहात मंडळी सुरू केली आणि त्या सिनेमागृहाचेच नाव तिला मिळाले: विलो क्रीक. भांडवल उभे करण्यासाठी तरुणांनी दारोदार टोमॅटो विकले. आरंभी त्यांनी घरोघर जाऊन लोकांना विचारले की, तुम्ही चर्चला का जात नाही? तेथे सारखे पैसे मागतात, उपदेश कंटाळवाणा असतो, अशी उत्तरे मिळाली. मग लोकांना जे नको ते वगळून आणि जे हवे ते घालून उपासना बेतली गेली. नाटिका आणि आधुनिक संगीत आले. क्रूससारखी धार्मिक चिन्हे मागे पडली. २००४ साली त्यांचे सात हजारांवर आसनांचे नवे सभागृह सुरू झाले. आठवड्याला दोन हजार किंवा त्याहून अधिक उपस्थिती असलेल्या मंडळीला अभ्यासक ‘मेगाचर्च’ म्हणतात. अशी चर्चेस आज अमेरिकेत दीड हजारांहून अधिक आहेत.

विलो क्रीकच्या बाबतीत एका गोष्टीचे कौतुक केले पाहिजे. त्यांनी स्वतःचीच तपासणी केली आणि तिचा निष्कर्ष २००७ साली स्वतःच प्रसिद्ध केला. चर्चच्या कार्यक्रमांतील सहभाग वाढला म्हणून माणसाचे ईश्वरप्रेम वा शेजारप्रेम वाढतेच असे नाही, असे त्यातून दिसून आले. तीस वर्षांची मेहनत पणाला लावून असे कबूल करणे सोपे नव्हे. पुढे २०१८ साली स्त्रियांशी गैरवर्तन केल्याच्या आरोपांनंतर हायबल्स पदावरून दूर झाले. त्यांनी आरोप नाकारले. परंतु तक्रारदार स्त्रियांवर आधी विश्वास न ठेवल्याची चूक मान्य करून त्याच वर्षी चर्चचे सर्व वडीलमंडळ पायउतार झाले. येथेही प्रश्न दखल घेण्याचाच होता. हजारोंच्या सभागृहात व्यासपीठावरचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. शेवटच्या बाकावरच्या माणसाचा आवाज व्यासपीठापर्यंत पोहोचेल अशी वाट मात्र मुद्दाम तयार करावी लागते.

आता पुन्हा गार्डन ग्रोव्हकडे वळू. २००६ साली शुलर यांनी मुख्य पाळकपद आपल्या मुलाकडे सोपवले. दोन वर्षांतच पितापुत्रांचे बिनसले आणि मुलाने चर्च सोडले. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक म्हातारा होत चालला होता, नव्या इमारतींचे कर्ज डोक्यावर होते आणि त्यातच २००८ ची मंदी आली. ऑक्टोबर २०१० मध्ये मंडळीने दिवाळखोरी जाहीर केली. धार्मिक देखाव्यांसाठी जनावरे आणि सामान पुरवणाऱ्या लहान व्यावसायिकांचीही देणी थकली होती. अखेर न्यायालयाच्या संमतीने ते सारे आवार ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने ५ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतले. व्यवहार २०१२ साली पूर्ण झाला आणि ‘ख्राइस्ट कॅथीड्रल’ असे नवे नाव जाहीर झाले.

या व्यवहारातील एक प्रसंग आम्हांला विशेष हृदयस्पर्शी वाटतो. जून २०१३ च्या अखेरीस शुलर यांच्या मंडळीने काचेच्या मंदिरात शेवटची उपासना केली आणि ती जवळच्या सेंट कॅलिस्टस या कॅथलिक चर्चच्या इमारतीत राहावयास गेली. सेंट कॅलिस्टसचे धर्मग्रामस्थ आपले चर्च सोडून गार्डन ग्रोव्हच्या आवारात आले. दोन मंडळींनी जणू घरांची अदलाबदल केली. ज्या वेदीपुढे लग्ने लागली, जेथे मुलांचे स्नानसंस्कार झाले, आईवडिलांना अखेरचा निरोप दिला, ती जागा दोघांनाही सोडावी लागली. एकीकडे कर्जाने, तर दुसरीकडे मोठ्या योजनेसाठी. इतिहासात खरेदी-विक्रीची रक्कम नोंदली जाते. शेवटच्या रविवारी बाकांवरून हात फिरवीत बाहेर पडलेल्या माणसांची नोंद आपणच मनात ठेवावयाची. रॉबर्ट शुलर एप्रिल २०१५ मध्ये निवर्तले.

दीर्घ नूतनीकरणानंतर १७ जुलै २०१९ रोजी बिशप केव्हिन व्हान यांच्या हस्ते या कॅथीड्रलचे समर्पण झाले. आतील रचनेत मोठा बदल झाला होता. पूर्वी सर्वांची तोंडे व्यासपीठाकडे असत. आता वेदी मध्याकडे आली असून बाके तिच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर मांडली आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात भाविकांच्या सक्रिय सहभागाचा जो आग्रह धरला, त्याचे हे बाकांच्या भाषेतील रूप म्हणता येईल. वेदीकडे पाहताना पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसतो. तो चेहराही आता निराळा आहे. एके काळी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातून आलेल्या गोऱ्या शेतकरीपुत्रांची वस्ती असलेल्या या भागात आज इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषांत मिस्सा होतात. आपला देश सोडून आलेल्या व्हिएतनामी भाविकांसाठी लावांगच्या मातेचे तीर्थस्थानही २०२१ साली तेथे उभे राहिले. त्या भूमीवर पुन्हा एकदा परगावची माणसे जमली आहेत आणि पुन्हा एकदा त्यांना ओळखणारे कोणी हवे आहे.

हे वाचून ‘शेवटी विजय आपला झाला’ असे कोणा कॅथलिक वाचकास वाटले तर ते योग्य होणार नाही. इमारत आपल्याकडे आली, तिच्यासोबत तिचा प्रश्नही आपल्याकडे आला. संख्येचाच विचार केला तर आपली कित्येक धर्मग्रामे अमेरिकेतील ‘मेगाचर्च’पेक्षा मोठी आहेत. फरक इतकाच की, आपण त्यांना मोठे म्हणत नाही. याची जाणीव ख्रिस्तसभेला आहे. मेडेलिन येथे १९६८ साली भरलेल्या लॅटिन अमेरिकन बिशपांच्या परिषदेने तळाच्या लहान समूहांना महत्त्व दिले. पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी १९७०च्या दशकात लहान ख्रिस्ती समूहांना अग्रक्रम दिला. आशियातील बिशपांच्या महासंघाने १९९० साली बांडुंग येथे, ख्रिस्तसभा ही समूहांचा समूह व्हावी, असे ध्येय मांडले. सोलमधील त्या स्त्रियांनी अनुभवाने जे शिकले होते, तेच येथे वेगळ्या परंपरेतून पुढे आले.

ऑरेंज काउंटीची कथा वाचताना आम्हांला वसई आठवत होती. तेथे संत्र्यांच्या बागा गेल्या, येथे केळीच्या वाड्या गेल्या. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेलेली होती. नव्या इमारतींतून मुंबईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे कॅथलिक राहावयास आले. ते रविवारी मिस्सेला येतात, मागे उभे राहतात आणि अखेरचा आशीर्वाद होताच जिना गाठतात. आमच्या लहानपणी आळीतील एखादी म्हातारी रविवारी दिसली नाही, तर दुपारच्या आत कोणीतरी पेजेचे भांडे घेऊन तिच्या दारी उभे राहत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराआडची म्हातारी दिसली नाही, तर तिची विचारपूस कोण करणार?

मात्र जुन्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. आळीची नजर मायेची होती तशी बोचरीही होती. नवऱ्याने टाकलेली स्त्री, कर्जात बुडालेला माणूस, आंतरधर्मीय लग्न केलेला मुलगा यांना त्याच नजरेने चर्चपासून दूर लोटले. मोठ्या चर्चच्या गर्दीत कोणी ओळखत नाही, याचाच काहींना दिलासा वाटतो. त्या मैदानात गाडीच्या काचेआड बसलेल्या आजारी स्त्रीलाही तो वाटला असेल. तेव्हा दखल घेणे आणि चौकशा करणे यांतील अंतर आपल्याला शिकावे लागेल. दार वाजवावे, पण आत घ्यायचे की नाही हे घरच्या माणसाने ठरवावे.

आमची सूचना साधी आहे. धर्मग्रामाच्या वार्षिक अहवालात मिस्सांची, संस्कारांची आणि जमाखर्चाची आकडेवारी असतेच. त्या वर्षी प्रत्येक लहान समूहाने आपल्या परिसरातील कितीजणांना ते दिसेनासे झाले म्हणून जाऊन भेट दिली, हाही एक आकडा त्यात यावा. तो आकडा वाचून दाखवताना कदाचित आपल्याला संकोच वाटेल. पहिल्या वर्षी तो वाटला तरी चालेल.